समुद्राची खोली आणि अर्चिनचे कवच

प्राण्याची शरीररचना त्याच्या परिस्थितीस अनुरूप असते, हे वाक्य आपण वर्गात दरवर्षी सांगतो. उंटाचे तळवे, बदकाच्या बोटांमधील पडदा आणि घुबडाचे डोळे ही उदाहरणे मुलांना तोंडपाठ असतात. त्यांत एक उणीव राहते. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे मुलास विचार करावा लागत नाही, आणि ‘अनुरूप’ म्हणजे नेमके कशास अनुरूप, हा प्रश्न विचारला जातच नाही. प्रस्तुत लेखात यासाठीच एक कमी परिचयाचे उदाहरण घेतले आहे. समुद्री अर्चिन हा प्राणी भरती-ओहोटीच्या खडकापासून सात हजार मीटरांहून अधिक खोलीपर्यंत आढळतो, आणि खोलीगणिक त्याच्या अंगाची घडण पालटत जाते. या पालटामागील कारणांचा शोध घेताना शिक्षकाने कोठे सावध राहावे, हे सांगणे हाच येथे मुख्य हेतू आहे.

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊ. अर्चिन हा तारामाशाच्या कुळातील, कंटकचर्मी वर्गातील प्राणी. त्याच्या सुमारे एक हजार जाती आज जिवंत आहेत आणि त्या सर्व खाऱ्या पाण्यातच राहतात. नदीत वा तळ्यात एकही नाही. जुन्या इंग्रजी भाषेत अर्चिन हा शब्द अंगावर काटे असलेल्या एका लहान रानप्राण्यासाठी वापरीत; तोच पुढे या समुद्रजीवास लावला गेला. आपल्या मुलांना ‘समुद्रातले साळिंदर’ एवढे म्हटले तरी चित्र पुरेसे उभे राहते. काटे काढले की आत एक पोकळ गोल कवच दिसते. कॅल्साइट नावाच्या चुनखनिजाच्या लहान लहान पट्टिका एकमेकींना जोडून ते बनलेले असते. या पट्टिकांच्या रांगा पाच भागांत विभागलेल्या असतात. काही पट्टिकांवर सूक्ष्म छिद्रांच्या जोड्या असतात व त्यांतून नलिकापाद बाहेर येतात. नलिकापाद म्हणजे पाण्याच्या दाबाने लांब होणाऱ्या, टोकाशी चिकटणाऱ्या नळ्या. अर्चिन यांच्या साहाय्याने खडक धरतो, चालतो आणि काही अंशी श्वसनही करतो. तोंड खालच्या बाजूस असते व त्यात पाच दातांचे एक यंत्र असते. ॲरिस्टॉटलने अर्चिनची तुलना शिंगाच्या कंदिलाशी केली होती. त्यावरून या यंत्रास आजही ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ असे म्हणतात.

कवच आपल्या गोगलगाईच्या शंखासारखे बाहेरचे घर नव्हे. त्याच्या वरूनही पातळ त्वचा असते, म्हणजे ते खरोखर आतील सांगाडाच होय. प्राणी वाढतो तशा पट्टिका आकाराने वाढतात आणि वरच्या टोकाशी नव्या पट्टिकांची भर पडते. म्हणून वाढीच्या काळात ज्या बाजूने ओढ अधिक, त्या बाजूचा परिणाम कवचाच्या आकारावर उमटू शकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

आता किनाऱ्यापासून आत जाऊ. जेथे लाटा थेट खडकावर आदळतात, तेथे राहणे कोणत्याही प्राण्यास अवघड. हवाई बेटांच्या व हिंदी महासागरातील काही बेटांच्या अशा खडकांवर कोलोबोसेंट्रोटस नावाचा अर्चिन राहतो. त्याला पाहून हा अर्चिनच आहे यावर मुलांचा विश्वास बसणार नाही. वरच्या बाजूचे काटे आखूड व चपट्या डोक्याचे होऊन घरावरील कौलांसारखे एकमेकांस लागून बसलेले असतात. अंग बसक्या घुमटासारखे असते. कडेचे काटे पसरट होऊन खडकाला झालरीसारखे टेकतात, आणि खालच्या बाजूस नलिकापादांची दाटी असते. मार्क डेनी व ब्रायन गेलॉर्ड या दोघा शास्त्रज्ञांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच अर्चिनचे काटे का नाहीसे झाले, हा प्रश्न लाटांच्या बलाची मोजदाद करून हाताळला. खडक घट्ट धरण्याची शक्ती आणि अंगाचा आकार या दोहोंचा एकत्र विचार केल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही.

लाटांपासून थोडे आडोशाला, प्रवाळांच्या मागील शांत पाण्यात, याच्या उलट रूप दिसते. डायडेमा जातीच्या अर्चिनचे काटे वीतभर किंवा त्याहूनही लांब, पोकळ आणि ठिसूळ असतात. लाटांच्या माऱ्यात असे काटे टिकले नसते. येथे शत्रूपासून रक्षण हे त्यांचे काम आहे. त्याच प्रवाळांच्या फटींतून हेटेरोसेंट्रोटस हा जाड, बोथट काट्यांचा अर्चिन राहतो. त्याचे काटे पूर्वी पाटीवर लिहिण्यासाठी वापरीत व म्हणून त्याला इंग्रजीत ‘पाटीच्या पेन्सिलीचा अर्चिन’ असेच नाव पडले आहे. वर्गात हे आवर्जून सांगावे; बाकी सारे विसरले तरी ही पेन्सिल मुले विसरत नाहीत.

वाळूच्या तळावर निराळीच गोष्ट. आपल्या कोकणच्या पुळणीवर कधी कधी चपटी, वाटोळी, पांढुरकी चकती सापडते व तिच्यावर पाच पाकळ्यांच्या फुलाची नक्षी असते. हे अर्चिनच्याच एका गटाचे कवच होय. या गटातील बहुतेक प्राणी उथळ समुद्रातील वाळूत अंग अर्धेमुर्धे पुरून राहतात. पाकळ्यांच्या जागी श्वसनाचे नलिकापाद असतात. काही जातींच्या चकतीला आरपार खाचा किंवा भोके असतात. वरून वाहणारा प्रवाह चपट्या वस्तूस वर उचलू पाहतो. वादळात पत्रा उडतो तो याच कारणाने. या भोकांमुळे ती उचल कमी होते, असे माल्कम टेलफर्ड यांनी १९८१ मध्ये दाखविले. त्यापूर्वी १९७३ मध्ये फू-शियांग चिया यांनी आणखी गमतीची गोष्ट नोंदविली होती. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील अशा एका जातीची पिले वाळूतील जड कण निवडून पोटात साठवितात आणि त्या वजनाच्या आधारे तळाशी टिकून राहतात. नांगराचा दात मातीत रुतावा म्हणून त्यावर भार देणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

येथपर्यंत आपण वेगवेगळ्या जाती पाहिल्या. खरी कसोटी याहून पुढची आहे. एकाच जातीचे प्राणी उथळ व खोल पाण्यात राहिले तर त्यांच्या आकारात भेद पडतो काय? ब्रिटनच्या किनाऱ्यावर एकिनस एस्क्युलेंटस हा मोठा, तांबूस, खाद्य अर्चिन विपुल आहे. एच. बी. मूर यांनी १९३० नंतरच्या दशकात आइल ऑफ मॅन या बेटाजवळ निरनिराळ्या ठिकाणच्या या अर्चिनांचा तौलनिक अभ्यास केला. किनाऱ्यालगतच्या खळबळत्या पाण्यातील अर्चिन सामान्यतः बसके असतात आणि खोल पाण्यातील अधिक उंच असतात, असे या जातीविषयी आढळले आहे. त्याचा एक जवळचा भाऊबंद शेकडो मीटर खोल पाण्यातही राहतो. त्याचे कवच पातळ असून निमुळत्या शंकूसारखे उंच असते, व त्याच्या लॅटिन नावातील ‘अक्युटस’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘टोकदार’ असा आहे.

हे मोजणे फार सोपे आहे. कवचाची उंची भागिले रुंदी, एवढेच गणित. समजा, एका कवचाची रुंदी १० सेंटिमीटर व उंची ५ सेंटिमीटर, तर गुणोत्तर ०.५, दुसऱ्याची रुंदी तेवढीच व उंची ८ सेंटिमीटर, तर ०.८. पाचवीच्या मुलास दशांश अपूर्णांकाचा याहून अर्थपूर्ण उपयोग क्वचितच भेटेल. मात्र तुलना जवळजवळ सारख्या आकाराच्या कवचांचीच करावी, कारण वाढत्या वयाबरोबरही हे गुणोत्तर बदलते.

येथे विद्यार्थ्यांस ‘असे का?’ म्हणून विचारले की बहुधा एकच उत्तर येते: पाण्याचा दाब. हे उत्तर मी शाळाभेटींत अनेकदा मुलांकडून ऐकले आहे आणि, स्पष्ट लिहावयास हरकत नाही, काही वेळा शिक्षकांकडूनही ऐकले आहे. दर दहा मीटर खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे एक हजार मीटरांवर तो शंभर वातावरणांएवढा होतो. एवढ्या दाबाखाली प्राणी चपटा होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आताच पाहिलेली वस्तुस्थिती याच्या उलट आहे: खोलातला अर्चिन बसका नसून उंच आहे! तेव्हा हे उत्तर पहिल्याच पायरीवर अडखळते.

त्याचे कारणही सोपे आहे. अर्चिनच्या पोटात हवा नसते, समुद्राच्या पाण्यासारखाच द्रव असतो. बाहेर जेवढा दाब तेवढाच आत. झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लॅस्टिकची बाटली विहिरीत खोल नेली तर ती चेपते. तीच पाण्याने काठोकाठ भरून नेली तर चेपत नाही. हा प्रयोग दोरी व दगड यांच्या साहाय्याने शिक्षकाने स्वतः करावा, मुलांना विहिरीच्या काठाशी नेऊ नये. अर्चिनच्या पोटातील दाब प्रत्यक्ष मोजण्याचे कामही झाले आहे. ओलाफ एलर्स व माल्कम टेलफर्ड यांनी १९९२ मध्ये तो मोजला, तेव्हा तो बाहेरच्या दाबाच्या किंचित खालीवर होत असल्याचे आणि बराच वेळ बाहेरच्याहून अल्पसा कमी असल्याचे दिसले. म्हणजे कवच आतून फुगवून गोल ठेवले आहे, ही कल्पनाही फारशी टिकत नाही.

मग आकार ठरतो कशाने? स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात अर्चिनची तुलना सपाट पृष्ठावर बसलेल्या द्रवाच्या थेंबाशी केली. ही तुलना आपल्याला अळवाच्या पानावर दाखविता येते. पानावर लहान थेंब टाकला तर तो मोत्यासारखा गोल राहतो. त्यात आणखी पाणी घालीत गेले की तो पसरट होऊ लागतो. थेंबाच्या पृष्ठाचा ताण त्यास गोल करू पाहतो, वजन त्यास पसरवू पाहते. या दोहोंच्या ओढाताणीत त्याचा आकार ठरतो. अर्चिनचे कवच असेच दिसते खरे. परंतु पाण्यात अर्चिनचे वजन फारसे जाणवत नाही. येथे नलिकापाद मदतीस येतात. शेकडो नळ्या खडकास धरून कवच खाली ओढतात. लाटा जोराच्या, तर धरून राहणे अधिक; ओढ अधिक, तर वाढत असलेले कवच बसके. खोल व शांत पाण्यात ही ओढ सैल, म्हणून कवच उंच. एलर्स यांनी १९९३ मध्ये या बलांचा हिशेब गणिताने मांडून अर्चिनांचे निरनिराळे आकार त्यातून निघतात, हे दाखविले. त्यानंतर १९९८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टिकांमधील सांधे तंतूंनी शिवल्यासारखे जोडलेले असून त्यामुळे कवच बळकट होते, हेही सिद्ध केले.

याचा अर्थ असा की, ‘खोलीमुळे आकार बदलतो’ हे विधान अपुरे आहे. खोली हे स्वतः काही बल नव्हे. खोलीबरोबर लाटांचा जोर कमी होतो, प्रकाश मावळतो, पाणी थंड होते, दाब वाढतो, खडक संपून गाळ सुरू होतो आणि अन्न दुर्मिळ होते. यांपैकी कोणते कारण कोणत्या बदलास जबाबदार आहे, हे वेगळे करून पाहणे म्हणजेच शास्त्र. ज्या वर्गात ही फोड एकदा नीट झाली, तेथील मुले पिकाच्या वाढीबद्दलही ‘पावसामुळे’ एवढ्यावर थांबत नाहीत.

अन्नाचे उदाहरण घ्या. सुमारे दोनशे मीटरांखाली शेवाळ वाढण्यापुरता प्रकाश उरत नाही. वरून झडणारे मृत कण, बुडालेले लाकूड आणि वाहून आलेले समुद्रगवत यांवर खालच्या जीवांचे पोट भरते. थॉमस एबर्ट यांनी १९८० मध्ये असे दाखविले की, अन्न कमी असलेल्या ठिकाणी अर्चिनच्या अंगाच्या मानाने त्याचा जबडा मोठा होतो. डॉन लेव्हिटन यांनी १९९१ मध्ये कॅरिबियन समुद्रातील डायडेमावर प्रयोग करून अन्नाच्या टंचाईत कवच व जबडा यांच्या प्रमाणात होणारा फरक पाहिला. हे प्राणी उथळ पाण्यातले होते. तेव्हा अंगाचे प्रमाण खोलीवाचूनही, केवळ अन्नाने बदलू शकते.

आता अगदी खोल जाऊ. १८६९ साली ब्रिटिश नौदलाच्या ‘पॉर्क्युपाइन’ या जहाजावरून वायव्हिल थॉमसन खोल समुद्राचे संशोधन करीत होते. पॉर्क्युपाइन म्हणजे साळिंदर. जहाजाचे नाव आणि त्यास लाभलेला प्राणी यांचा असा योग जुळून आला. जाळ्यातून एक मोठा लाल अर्चिन वर आला. कवच फुटून तुकडे पडतील असे वाटत असता तो जहाजावर भाकरीसारखा पसरला आणि त्याचे अंग धापा टाकल्यासारखे वरखाली होऊ लागले. ज्यांनी तोवर केवळ कडक कवचाचे अर्चिन पाहिले होते, त्यांस हे दृश्य विलक्षण वाटले असल्यास नवल नाही. जहाजाचे कप्तान कॅल्व्हर यांच्या नावावरून त्यास कॅल्व्हेरिया असे नाव देण्यात आले. या गटातील अर्चिनांच्या पट्टिका पातळ असून कौलांप्रमाणे एकमेकींवर सरकतात, आणि त्यांच्यामध्ये लवचिक पडदा असतो. काहींच्या खालच्या काट्यांच्या टोकास खुरासारखी बोंडे असतात, त्यामुळे मऊ गाळात पाय रुतत नाहीत. आज जिवंत असलेल्या अर्चिनांतील सर्वांत मोठा, फूटभर व्यासाचा, याच गटातील आहे.

पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगातील महासागर धुंडाळले. त्या मोहिमेतील अर्चिनांचा वृत्तान्त अलेक्झांडर अगासिझ यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या समुद्रांतही ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाने असेच काम केले. त्यातून जमलेल्या अर्चिनांचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ रेने केलर यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमसाठी केले व ते १९१४ ते १९२७ या काळात खंडशः छापले गेले.

महासागराच्या तळाशी, हजारो मीटरांवर, पोर्टालेसिया व त्याचे सोयरे राहतात. त्यांना गोल म्हणताच येत नाही. कोणी बाटलीसारखा, कोणी मान काढलेल्या सुरईसारखा. कवच इतके पातळ की हातात धरताच फुटावे. ते गाळ गिळून त्यातील अन्नकण शोषून घेतात. तेथे लाट नाही, धरून बसण्यास खडक नाही, म्हणून जाड कवचाची निकडही नाही. शिवाय चुन्याची अडचण आहे. पाणी थंड आणि दाब अधिक असेल तर कॅल्साइट अधिक विरघळते. पॅसिफिक महासागरात साधारण साडेचार हजार मीटरांखाली व अटलांटिकमध्ये सुमारे पाच हजार मीटरांखाली, वरून पडणारे चुन्याचे कण तळावर साठतच नाहीत. त्याखाली चुन्याचा सांगाडा बांधणे व राखणे अतिशय महाग पडते. दाबाचा परिणाम होतो तो असा, रसायनाच्या वाटेने, चेपण्याने नव्हे.

दगडी कोळसा व तेल जाळल्याने हवेत मिसळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. औद्योगिक काळापूर्वी समुद्रपृष्ठाचा पीएच सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. हा आकडा लहान दिसतो, पण त्या मोजमापाची पट्टी दहाच्या पटीची असल्यामुळे आम्लतेतील वाढ बरीच होते. अर्चिनच्या कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियम मिसळलेले असते आणि असे कॅल्साइट अधिक सहज विरघळते. म्हणून खोल पाण्यातली ही चुन्याची अडचण हळूहळू वरही सरकण्याची भीती आहे.

आकारावरून खोली ओळखता येईल का, असा प्रश्न हुशार मूल विचारील. भूगर्भशास्त्रज्ञांस त्याचा काही उपयोग होतो. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातील बाघ येथील खडकांत अर्चिनांचे जीवाश्म सापडतात, आणि समुद्रापासून आज इतक्या दूर असलेल्या त्या भूमीवर क्रिटेशस काळी समुद्र शिरला होता, हे त्यांवरून ठरले आहे. पण केवळ एका कवचाच्या उंचीवरून खोली सांगणे धाडसाचे ठरेल. लवचिक कवचाच्या खोल समुद्रातील गटाचा एक भाऊबंद, विषारी काट्यांचा ॲस्थेनोसोमा, उथळ प्रवाळांतही राहतो. खडक, गाळ, सोबतचे शंखशिंपले हे सर्व जमेस धरूनच भूगर्भशास्त्रज्ञ निर्णय देतात.

किनाऱ्यालगतच्या शाळांनी अर्चिनची कवचे जमवावयाची असल्यास वाळूवर पडलेली रिकामी कवचेच उचलावीत. खडकावरील जिवंत प्राणी उपटू नयेत, आणि काट्यांना मुलांनी उघडा हात लावू नये. कवच गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून सावलीत वाळवावे व कापसात ठेवावे. आतील शाळांना किनाऱ्यावरील शाळेकडून एखादे मागवून घेता येईल. प्रत्येक कवचासोबतच्या चिठ्ठीवर सापडल्याचे ठिकाण, दिनांक, किनारा खडकाळ की वाळूचा, आणि मिलिमीटरांत मोजलेली उंची व रुंदी लिहावी.